आयरिश कुळांच्या लढ्याची जुनी छापील चित्रं: कशी तपासायची, कशी वाचायची

माझ्याकडे आलेलं पहिलं 'आयरिश' चित्र नकली निघालं. मुंबईतल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात ते फ्रेम करून टांगलेलं होतं. गवताने शाकारलेलं बुटकं घर, दारावर ओंडका आदळणारे शिपाई, बाहेर चिखलात पडलेली खाट आणि भांडी, हात वर करून ओरडणारी बाई. "ओरिजिनल आहे, अठराशे ऐंशीचं," दुकानदार म्हणाला. घरी येऊन फ्रेम उघडली, दहापटीचं भिंग लावलं, तर बाईच्या चेहऱ्यावर रेषाच नाहीत, नुसते ठिपके! कुठल्याशा पुस्तकातलं पान कापून त्याला चहाचं पाणी पाजलं होतं. खरं तर भिंगाचीही गरज नव्हती. तो ओंडका आणि '१८८०' ही तारीख यांचं एकमेकांशी जमतच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते का जमत नाही, ते पुढे येईलच.

तेव्हापासून या चित्रांचा नाद लागला. एखादं चित्र हाती आलं, किंवा आंतरजालावर दिसलं, की मी कुठल्या क्रमाने काय बघतो ते इथे लिहितो आहे. विकत घ्यायचंच असं नाही; पडद्यावरच्या स्कॅनलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

कूळ, खंड, बेदखली हे शब्द आपल्याला कुळकायद्यामुळे घरचे आहेत, म्हणून आयर्लंडची गोष्ट मराठी वाचकाला फार समजावून सांगावी लागत नाही. जमीन मोजक्या जमीनदारांची, त्यातले कित्येक राहायला इंग्लंडमध्ये. गावात त्यांचा मुखत्यार खंड वसूल करणार. कसणारी कुळं बहुतेक सालोसालच्या करारावर. १८७०च्या दशकाच्या शेवटी पावसाने बटाटा कुजला, शेतमालाचे भाव पडले, खंड मात्र तसाच राहिला. २० एप्रिल १८७९ला मेयो परगण्यात आयरिशटाउनला मोठी सभा झाली आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला कॅसलबारमध्ये 'लँड लीग' ही कुळांची संघटना स्थापन झाली. मायकेल डॅव्हिट हा तिचा खरा बांधणारा, तर अध्यक्ष चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल. मागण्या तीन होत्या: खंड वाजवी हवा, खंड भरतोय तोवर कुळाला हलवायचं नाही, आणि जाताना आपला हक्क विकता यावा.

आपल्याकडे त्याच्या चारच वर्षं आधी, मे १८७५मध्ये, सुप्याला दख्खनचे दंगे सुरू झाले होते आणि शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली होती. सारखेपणा दिसतो म्हणून दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत. इथे राग सावकाराच्या कागदावर होता, तिथे जमिनीच्या मालकीवर. चित्र वाचताना हा फरक कामाला येतो, कारण आयरिश चित्रांत कर्जाचे कागद क्वचितच दिसतात. दिसतं ते घर, दार आणि उंबरा.

पहिली पायरी: चित्र उलटं करा

बहुतेक लोक चित्र बघतात. तुम्ही आधी पाठ बघा. लंडनच्या सचित्र साप्ताहिकातलं खरं पान असेल, तर मागे बहुधा त्याच अंकाचा मजकूर सापडतो: नाटकाचं परीक्षण, बुद्धिबळाचं कोडं, कुणा सरदाराच्या निधनाची बातमी. ही पाठ म्हणजे फुकटचा दाखला. त्या बातम्यांवरून अंकाची तारीख काढता येते. मोठ्या दुपानी चित्रांची पाठ कोरी असू शकते. त्यांच्या मधोमध घडीची रेघ असते आणि कधीकधी शिवणीची भोकंही असतात.

मग मोजपट्टी घ्या. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'चं पूर्ण पान साधारण ४० बाय २८ सेंटीमीटर, 'पंच' या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाचं बरंच लहान, साधारण २७ बाय २१. विक्रेते समास कापतात, त्यामुळे माप थोडं कमी भरलं तर घाबरू नका. पण 'लंडन न्यूज'चं म्हणून पोस्टकार्डाएवढं चित्र कुणी विकत असेल, तर ते पुस्तकातून तरी आलंय किंवा झेरॉक्सच्या मशीनमधून.

दुसरी पायरी: भिंग

दहापटीचं भिंग दोन-तीनशे रुपयांत मिळतं. ते घ्याच, कारण या छंदातली तेवढी एकच खरेदी सक्तीची आहे.

१८४०पासून १८८०च्या दशकापर्यंत सचित्र साप्ताहिकांतली बहुतेक चित्रं लाकडी ठशांवरून छापली गेली. बॉक्सवुडचं कठीण लाकूड आडवं कापून त्याच्या तोंडावर बारीक हत्याराने कोरायचं. जे पांढरं हवं ते काढून टाकायचं, उरलेल्या उंच भागाला शाई लागायची. बॉक्सवुडचं खोड बारीक असतं, म्हणून मोठं चित्र एका तुकड्यावर मावत नाही. बरेच छोटे ठोकळे बोल्टने जोडून मोठा ठसा करत. घाई असली की ते सुटे करून वेगवेगळ्या कोरक्यांच्या हाती देत. एकाकडे आभाळ, दुसऱ्याकडे गर्दी, तिसऱ्याकडे घोडे. जोडावरून जाणाऱ्या रेषा मुख्य कारागीर आधी कोरून ठेवायचा, म्हणजे तुकडे परत जोडल्यावर चित्र विस्कटू नये. तरी सांधा थोडासा हलतोच. म्हणून अस्सल छापात भिंगाखाली एक बारीक, सरळ पांढरी रेघ आभाळातून खाली गर्दीत उतरताना दिसते. मला ती पहिल्यांदा सापडली तेव्हा मी तिला चिरच समजलो होतो. एका म्हाताऱ्या कुळाच्या टोपीवरून ती गेली होती, आणि टोपीच्या डाव्या अर्ध्या भागातल्या रेषा उजव्या भागापेक्षा किंचित जाड होत्या. एक टोपी, दोन माणसांचे हात!

भिंगाखाली काय दिसलं तर काय समजायचं:

रेषा तुटक नाहीत, काळ्या कडा ठसठशीत, कागदाला पाठीमागून हलका उठाव जाणवतो: लाकडी ठसा.

खडूसारखा दाणेदार रंग, एकावर एक चढलेले रंग, कुठेतरी लाल थोडा सरकलेला: शिळाछाप, म्हणजे लिथोग्राफी. डब्लिनच्या राष्ट्रवादी साप्ताहिकांनी अंकासोबत मोफत वाटलेली रंगीत व्यंगचित्रं अशीच आहेत. पुण्याच्या चित्रशाळा प्रेसची किंवा रविवर्मा प्रेसची देवादिकांची चित्रं घरात असतील, तर आधी त्यांच्यावर भिंग लावून बघा. तंत्र त्याच कुळातलं, म्हणजे डोळा लगेच तयार होतो.

ओळीत मांडलेले ठिपके: हाफटोन, म्हणजे फोटोवरून ठिपक्यांनी छापायचं तंत्र. १८९०पूर्वीच्या बातमीचित्रात ते दिसले तर सावध व्हा, आणि ठिपके चार रंगांचे असतील तर विषयच संपला.

रंगाबद्दल एक गोष्ट. या काळातली बातम्यांची चित्रं काळीपांढरीच छापली जात. 'लंडन न्यूज'मधल्या बेदखलीच्या चित्रात हिरवं गवत आणि लाल डगले दिसले, तर तो रंग नंतर कुणीतरी हाताने भरलेला आहे. त्याने चित्र खोटं ठरत नाही, फक्त रंगावरून काही निष्कर्ष काढू नका.

तिसरी पायरी: तारीख, आणि शनिवारची युक्ती

पानाच्या डोक्यावर साप्ताहिकाचं नाव आणि तारीख असते. ती कापलेली असेल तर विक्रेत्याने पेन्सिलने लिहिलेली तारीख मिळते. ती खरी का, हे बघायची सोपी युक्ती आहे: 'लंडन न्यूज', 'ग्राफिक' आणि 'पंच' या तिन्हींवर शनिवारची तारीख असे. फोनवरचं कॅलेंडर मागे न्या आणि वार बघा. मंगळवार निघाला तर बहुधा ती घटनेची तारीख आहे किंवा नुसता अंदाज.

सभांचा वार मात्र बहुतेकदा रविवार, कारण चर्चमधून सुटलेली माणसं तशीच मैदानावर जात. आयरिशटाउनची सभा रविवारी झाली. पार्नेलचं एनिसचं प्रसिद्ध भाषणही, १९ सप्टेंबर १८८०चं, रविवारचंच. म्हणून चित्रातली माणसं ठेवणीतल्या कपड्यांत दिसतात. ते पाहून 'हे कुठले गरीब' असं म्हणणारे तेव्हाही होते.

घटना आणि चित्र यांच्यात साधारण एक-दोन आठवडे धरा. रेखाटन बोटीने आणि रेल्वेने लंडनला जायचं, ठसा कोरायचा, मग छपाई. ६ मे १८८२ला डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये दोन बड्या सरकारी अधिकाऱ्यांचा खून झाला. त्यावरचं जॉन टेनिएलचं 'पंच'मधलं गाजलेलं व्यंगचित्र २० मेच्या अंकात आहे, बरोबर चौदा दिवसांनी.

आता माझ्या नकली चित्राकडे वळतो. तिकाटण्याला टांगलेला, लोखंडी तोंडाचा, दार फोडायचा ओंडका हा मुख्यत्वे १८८६नंतरच्या चित्रांतला आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये 'प्लॅन ऑफ कॅम्पेन' जाहीर झाला: कुळांनी मिळून आपल्याला वाजवी वाटेल तो खंड देऊ करायचा, जमीनदाराने नाकारला तर तोच पैसा निधीत टाकून बेदखल होणाऱ्यांना पोसायचं. कुळं मग घरं आतून बंद करून, दारामागे दगड आणि काटेरी फांद्या रचून बसू लागली, आणि दार फोडायला यंत्र लागलं. क्लेअर परगण्यातल्या व्हॅन्डेलर इस्टेटीवर जुलै १८८८मध्ये ते वापरलं गेलं. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या लॉरेन्स स्टुडिओच्या संग्रहात बेदखलीची छायाचित्रं आहेत. चित्रकाराने ओंडका किती फुगवलाय ते त्यांच्याशी ताडून बघता येतं.

उलट बाजूची फसगत जास्त होते. 'लंडन न्यूज'च्या १६ डिसेंबर १८४८च्या अंकात बेदखलीची दोन चित्रं आहेत, एक प्रत्यक्ष घर पाडतानाचं आणि एक दुसऱ्या दिवशीचं. ती १८४०च्या दशकातल्या आयर्लंडच्या महादुष्काळातली. पण लँड लीगच्या काळाची म्हणून ती सर्रास चिकटवली जातात. चित्रात दाद मागणारे लोक गुडघ्यावर बसलेत, एकही झेंडा नाही, सभा नाही, व्यासपीठ नाही, असं असेल तर चाळीसच्या दशकाचा संशय घ्या. १८८०च्या चित्रांत माणसं सहसा उभी असतात.

चौथी पायरी: चित्रातल्या वस्तू

वेळ घ्यावा तो इथे. चहा करून घ्या आणि चित्राचा एकेक कोपरा बघा.

*शिपाई कोण?* आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचा, म्हणजे तिथल्या सशस्त्र पोलिसांचा, गणवेश जवळजवळ काळा वाटावा इतका गडद हिरवा, म्हणून कोरक्याने त्यावर दाट रेघा ओढलेल्या असतात. लाल डगल्याचे सैनिक छापात फिकट दिसतात, छातीवर पांढरे पट्टे. दोघांतला फरक समजला की सरकारने किती मोठी ताकद उतरवली होती ते कळतं. सगळ्यांत पुढे साध्या कपड्यांतला, हातात कागद घेतलेला माणूस असतो, तो बेलिफ. दगड त्याच्याच दिशेने जात असतात.

*फलकांवर काय लिहिलंय?* 'जमीन जनतेची' ही घोषणा सर्वांत जास्त सापडते. 'ग्रिफिथचं मूल्यांकन' असं काही वाचलंत तर चित्र बहुधा १८८०च्या आसपासचं. ही त्या आधीच्या दशकांत सरकारने केलेली जमिनीची आकारणी. तिच्यातला आकडा चालू खंडापेक्षा सहसा कमी होता, म्हणून 'तेवढाच भरू' हा कुळांचा पवित्रा. 'खंड भरू नका' हे शब्द असतील तर ऑक्टोबर १८८१ आठवा. १३ तारखेला पार्नेलला अटक झाली, १८ला किल्मेनहॅम तुरुंगातून खंडबंदीचा जाहीरनामा निघाला, २०ला सरकारने लीग बेकायदा ठरवली. सगळं एका आठवड्यात.

*बाया कुठे आहेत?* लंडनच्या चित्रांत त्या रडत तरी असतात किंवा खिडकीतून गरम पाणी आणि कांजी ओतत असतात. व्यासपीठावर उभी बाई दिसली तर मात्र थांबा. जानेवारी १८८१मध्ये पार्नेलच्या बहिणीने, ॲनाने, लेडीज लँड लीग उभी केली. पुरुष पुढारी तुरुंगात गेल्यावर चळवळ या बायकांनी चालवली, बेदखल कुटुंबांसाठी लाकडी झोपड्या उभारल्या. एखाद्या चित्रात पडक्या घराजवळ नवी कोरी लाकडी झोपडी दिसते, ती बहुधा त्यांचीच.

*वीणा बघा.* वीणा, म्हणजे हार्प, हे आयर्लंडचं चिन्ह. झेंड्यावरच्या वीणेवर मुकुट आहे की नाही? मुकुट नसलेली वीणा ही राष्ट्रवाद्यांची.

पाचवी पायरी: चित्रकार कुणाचा चाकर?

चित्राखालची ओळ नीट वाचा. 'आमच्या खास चित्रकाराच्या रेखाटनावरून' असं लिहिलेलं असतं. म्हणजे जागेवर एक माणूस होता, आणि लंडनमध्ये दुसऱ्याने ते चित्र पुन्हा काढलं. जागेवरचा माणूस घाईत रेघोट्या ओढून 'इथे गर्दी' असं खरडायचा. चेहरे लंडनला बसून भरले जायचे. त्यामुळे मागच्या रांगेतले चेहरे एकसारखे असतात. पुढच्या दोन-तीन माणसांवर मी भरवसा ठेवतो, बाकीच्यांवर नाही.

पण माणसामाणसांत फरक असतोच. अलॉयशस ओ'केली हा डब्लिनचा चित्रकार या काळात 'लंडन न्यूज'साठी काम करत होता. त्याचा भाऊ जेम्स हा पार्नेलच्या पक्षाचा खासदार. मालक लंडनचा, चित्रकार चळवळीच्या घरातला. त्याच्या चित्रांतले शेतकरी खरी माणसं वाटतात, नमुने नव्हेत.

आता 'पंच' उघडा. तिथे आयरिश बंडखोर माकडतोंड्या असतो: पुढे आलेला जबडा, चपटं नाक, हातात दगड. २९ ऑक्टोबर १८८१चं टेनिएलचं 'टू फोर्सेस' बघा. कणखर ब्रिटानियाच्या, म्हणजे बाईच्या रूपात काढलेल्या ब्रिटनच्या, हातात तलवार, तलवारीवर 'कायदा' हा शब्द. तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडणारी नाजूक आयर्लंड. समोर दगड उगारलेला माणूस आणि त्याच्या टोपीवर लिहिलंय 'अराजक'. तारीख बघा: लीगवर बंदी येऊन नऊच दिवस झाले होते. चित्रात खंडही नाही आणि पडलेलं घरही नाही. जे नाही, ते एका कागदावर लिहून काढा. व्यंगचित्र वाचायचा याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

मे १८८२च्या त्या व्यंगचित्रातही असंच आहे. बुरखाधारी राक्षस, हातातल्या सुऱ्यातून रक्त ठिबकतंय, आणि मागे पार्नेल, जणू हा राक्षस त्यानेच घडवला. खून केले होते 'इन्व्हिन्सिबल्स' नावाच्या वेगळ्या गुप्त टोळीने आणि पार्नेलने त्यांचा जाहीर निषेध केला होता. चित्र बघणाऱ्याला हे कोण सांगणार?

डब्लिनहून उत्तरं जात होती. ऑक्टोबर १८८५मध्ये 'पंच'ने पार्नेलला रक्तपिपासू वटवाघूळ करून झोपलेल्या आयर्लंडवर घिरट्या घालायला लावलं. दोनच आठवड्यांत 'आयरिश पायलट'ने तेच वटवाघूळ उलटं फिरवलं: आता ते इंग्रजी राजवटीचं, आणि आयर्लंड जागी, उभी, सामना करायला तयार. अशी जोडी सापडली तर दोन्ही शेजारी ठेवूनच बघावी. 'युनायटेड आयर्लंड' आणि 'वीकली फ्रीमन' यांची रंगीत व्यंगचित्रंही याच दुसऱ्या बाजूची. थॉमस फिट्झपॅट्रिक हा त्यांच्यातला एक चित्रकार. ती लोक भिंतीवर टाचण्या मारून लावत. कोपऱ्यातली भोकं आणि धुरकटलेला कागद हा त्यांचा दोष समजू नका. चित्र कुणाच्या तरी घरात राहून आलंय, एवढाच त्याचा अर्थ. इथेही बाजू घेतलेलीच असते, बरं का. या चित्रांत एकही कूळ कधी लबाड नसतं, आणि बेदखल कुळाची जमीन कसायला घेणाऱ्या शेजाऱ्यावर जी दहशत बसवली जायची ती तर औषधालाही सापडत नाही.

एक चित्र, सगळ्या पायऱ्या

समजा, समोर नोव्हेंबर १८८०चं चित्र आहे: शेतात बटाटे काढणारे लोक, भोवती तंबू, बंदूकधारी शिपाई, लांबवर तळं. शेत काढायला फौज कशाला?

हे मेयोतलं लॉक मास्क. अर्ल ऑफ अर्नचा मुखत्यार कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट तिथे राहत होता. एनिसच्या भाषणात पार्नेलने सांगितलं होतं की दुसऱ्याची हिसकावलेली जमीन जो घेईल त्याला मारू नका. रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्येसुद्धा त्याच्याशी बोलू नका. आपल्या भाषेत, वाळीत टाका. गावाने ते या मुखत्यारावर लागू केलं. गडी गेले, धोबीण गेली, लोहार येईना, दुकानदार माल देईना. उभं पीक कुजायला लागलं. मग कॅव्हन आणि मोनाहनमधून पन्नासेक प्रोटेस्टंट स्वयंसेवक आले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई. पाचेकशे पौंडांचं पीक वाचवायला दहा हजार पौंड खर्च झाल्याचं सांगतात. चित्रात म्हणूनच बटाट्यांपेक्षा बंदुका जास्त.

आता पायऱ्या लावा. शनिवार जुळतो का? अंकावर २० नोव्हेंबर १८८० अशी तारीख असेल, तर तो शनिवार, म्हणजे जुळतो. स्थानिक माणसं कुठे आहेत? कुठेच नाहीत. चित्रातला गाभा हाच आहे, आणि तो चित्रकाराला काढता येत नाही, कारण न आलेल्या माणसाचं चित्र कसं काढणार? त्या कॅप्टनचं आडनाव मात्र क्रियापद होऊन जगभर गेलं. पंचवीस वर्षांनी पुण्या-मुंबईच्या सभांतही 'बॉयकॉट' ऐकू येत होतं, आणि 'बहिष्कार' चतुःसूत्रीत जाऊन बसला.

शोधायचं कुठे, ठेवायचं कसं

आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची चित्रसूची घरबसल्या चाळता येते. 'पंच' आणि 'लंडन न्यूज'चे बांधीव खंड इंटरनेट आर्काइव्हवर पानोपान आहेत. चित्र विकत घेण्याआधी तिथला स्कॅन शेजारी उघडा आणि रेघ न् रेघ जुळवा. एखाद्या अंकातलं चित्र मिळालं की त्याच अंकातली बातमीही वाचा. चित्र आणि मजकूर कधीकधी एकमेकांशी भांडत असतात.

आपल्या हवेत कागद ठेवणं हे वेगळंच काम. १८७०नंतरचा बराच वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा, म्हणजे आंबट आणि ठिसूळ. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. आम्लरहित माउंट, काचेला चित्र टेकू द्यायचं नाही, आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगायचं नाही. कसर लागते ती नेमकी जुन्या खळीच्या वासाने, म्हणून फ्रेमची पाठ दर श्रावणात एकदा उघडा. तपकिरी डाग पडले तर ब्लीच लावायचा मोह टाळा. डागासह चित्र शंभर वर्षं टिकेल, ब्लीचसह दहाही नाही.

शेवटी मऊ पेन्सिलीने, पाठीमागे, समासात नोंद करा. साप्ताहिक, तारीख, वार जुळला का, छपाईचं तंत्र, सांधे कुठे, कुणाकडून आणि कितीला घेतलं. माझ्या पहिल्या चित्राच्या पाठीवर एवढंच आहे: 'हाफटोन. चहा. ओंडका आठ वर्षं लवकर आला.'